आईच्या खांद्याची कंडरा फाटलीये, नसही दुखावलीये म्हणतात. आधी कशाकडे बघायचं?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, कारण तपशील नसले की प्रतिसादही मोघम येतात.

आई ६३ वर्षांची, सांगलीजवळ गावी असते. साखर किंचित वाढलेली, बाकी ठणठणीत. पावसाळ्यात न्हाणीच्या दारात घसरली ती उजव्या हातावर. एक्स-रेत हाड शाबूत होतं. गावातल्या डॉक्टरांनी 'फ्रोझन शोल्डर' म्हणून व्यायाम दिले, ते दिवाळीपर्यंत चालले. दुखणं थोडं कमी झालं, पण हात काही वर जाईना. वेणी घालणं सोडाच, फडताळातला डबा काढायचा तर डाव्या हाताने उजवा उचलून धरते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

आता एमआरआय केला. खांद्यावरचा सुप्रास्पायनेटस स्नायू हाडाला जोडणारी कंडरा पूर्ण फाटलीये आणि तिचं टोक बरंच आत ओढलं गेलंय, मागच्या इन्फ्रास्पायनेटसचाही काही भाग गेलाय. पाठीमागून बघितलं तर उजव्या खवाट्यावर खळगा दिसतो, म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे ईएमजी (स्नायूंत सुया टोचून नसांची तपासणी) झाली. त्यात 'सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह'मध्ये दोष आला. ऑर्थोपेडिक सर्जन म्हणतात, कंडरा शिवू या, नस मागोमाग सुधारेल. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, आधी तीन-चार महिने नस काय करते ते बघा. दोघंही अनुभवी, दोघंही वेळ देऊन बोलणारे, त्यामुळे तर जास्तच पंचाईत.

कंडरा फाटल्यामुळे नस बिघडू शकते का? की पडताना दोन्ही वेगवेगळं झालं? थांबलं तर चालेल का? उपचार डॉक्टरच ठरवतील, पण पुढच्या भेटीत काय विचारायचं एवढं तरी कळायला हवं.

बांधावरचा
ताई, ऑपरेशनची घाई करू नका. आमच्या भागात एक जण खांदा चोळून बसवून देतात, निरगुडीचं तेल लावतात. लांबलांबून लोक येतात. एकदा दाखवून बघायला काय हरकत आहे?

शेकशेगडी
बांधावरचे दादा, तेल लावायला हरकत नाही, पण फाटलेल्या कंडरेचा खांदा कुणी झटका देऊन 'बसवणार' असेल तर आहे ती हरकतच. तो जागेवरून निसटलेलाच नाही, बसवणार काय?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. ताई, आईला पलंगावर उताणं झोपवा आणि तिने हात पूर्ण सैल सोडल्यावर तुम्ही तो अलगद वर न्या. तुम्ही नेल्यावर हात कानापर्यंत जातो का? शिवाय कोपर बरगडीला टेकवून, काटकोनात वाकवून, पंजा बाहेरच्या बाजूला वळवून बघा. जबरदस्ती नको. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने वळवला तरी हात अडतो, आणि बाहेर वळवणं तर सगळ्यात आधी अडतं. कंडरा फाटली असेल किंवा नस काम करत नसेल, तर दुसऱ्याने नेल्यावर हात जातो, स्वतःहून जात नाही. आपल्याकडे चाळिशीनंतरच्या प्रत्येक दुखऱ्या खांद्यावर फ्रोझन शोल्डरचा शिक्का बसतो, त्यात साखर असली की विचारायलाच नको. त्या नादात महिने जातात.

खळगा नेमका कुठे आहे? खवाट्यावर हाताला एक आडवा कणा लागतो. खळगा त्याच्या वर आहे, खाली आहे, की दोन्हीकडे?

कृष्णाकाठची
आत्ताच करून बघितलं. मी नेल्यावर हात कानापर्यंत गेला, शेवटी थोडी कळ आली. बाहेरही वळतो. पण मी सोडल्यावर पंजा आपोआप पोटाकडे परत येतो, तिला तो तिथे धरून ठेवता येत नाही. खळगा दोन्हीकडे आहे, खालचा जास्त.

शेकशेगडी
मग हे फ्रोझन शोल्डर नाही, निदान आता तरी नाही. पंजा परत येतो म्हणजे इन्फ्रास्पायनेटस चांगलाच कमजोर आहे. तो कंडरा तुटल्यामुळे की नसेमुळे, हे मात्र या चाचणीतून कळत नाही. दोन्हीत हात अगदी असाच वागतो.

हाडाचा_वैद्य
ऑर्थोपेडिक सर्जन आहे, मुख्यतः खांदे आणि गुडघे. इथून निदान करणार नाही, पण ताईंचा प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

खांद्याभोवती चार स्नायूंच्या कंडरा मिळून रोटेटर कफ होतो: वर सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर, पुढे सबस्कॅप्युलॅरिस. यातल्या पहिल्या दोघांना एकच नस चालवते, सुप्रास्कॅप्युलर. ती मानेतल्या सी५ आणि सी६ या मुळांपासून निघते आणि खवाट्याच्या वरच्या कडेला असलेल्या एका खाचेतून मागे जाते. त्या खाचेवर एक आडवा अस्थिबंध ताणून बसलेला असतो. नस त्याच्या खालून, तर सोबतची रोहिणी बहुधा त्याच्या वरून. खाचेतून बाहेर पडली की सुप्रास्पायनेटसला फांद्या देते, मग खवाट्याच्या कण्याला वळसा घालून दुसऱ्या खाचेतून खाली इन्फ्रास्पायनेटसकडे उतरते. वाटेत सांध्याच्या संवेदनाही हीच गोळा करते. खांद्याच्या सांध्याची साधारण ७० टक्के संवेदना तिच्याकडे असते असं शिकवलं जातं.

आता मूळ मुद्दा. परकराची नाडी नेफ्याच्या भोकातून जाते तशी ही नस खाचेतून जाते. नाडी भोकापाशी जखडलेली असताना कापड एका बाजूला खेचलं तर काचणार कुठे? भोकाच्या कडेलाच. सुप्रास्पायनेटसची कंडरा दंडाच्या हाडावरून सुटली की स्नायू आखडून मानेच्या बाजूला सरकतो आणि आपल्याबरोबर नसेच्या फांद्याही ओढतो. नस खाचेत अडकलेली, फांद्या उलट दिशेला, त्यामुळे तिथला कोन तीव्र होतो आणि ताण पडतो. २००३ मध्ये प्रेतशरीरांवर केलेल्या एका अभ्यासात हे मोजून दाखवलंय: कंडरा जितकी जास्त मागे सरकवली तितका हा कोन कमी होत गेला.

तेव्हा कंडरा फाटल्यामुळे नस बिघडू शकते का, याचं उत्तर 'हो, मोठ्या आणि मागे सरकलेल्या फाटीत बिघडू शकते'. छोट्या फाटीत हे सहसा होत नाही, आणि मोठ्या फाटीतही प्रत्येकाच्या नसेला काही होतंच असं नाही.

चष्मेबद्दूर
वा डॉक्टर, नाडीचं उदाहरण झकास. वाचनखूण साठवली.

एक शंका. खळगा पडलाच आहे तर नस गेली हे उघड नाही का? ईएमजीच्या सुया टोचून घ्यायची गरज काय?

हाडाचा_वैद्य
उघड नाही. कंडरा सुटली की स्नायूला खेचायला काही उरत नाही. बिनकामाचा स्नायू सुकतो आणि त्यात चरबी भरते, नस ठणठणीत असली तरी. ही चरबी किती भरली याची ० ते ४ अशी प्रत गूतालिए या फ्रेंच सर्जनांनी १९९४ मध्ये मांडली, आजही प्रत्येक शिवणाऱ्याला ती बघावी लागते. स्नायूपेक्षा चरबी जास्त झाली असेल तर शिवलेलं टिकण्याची आणि ताकद परतण्याची आशा बरीच कमी होते. म्हणून, ताई, सर्जनना विचारायचा पहिला प्रश्न: 'चरबीची प्रत कितवी आहे?'

सुईदोरा
मी न्यूरॉलॉजीत आहे, माझे दोन पैसे. ईएमजीत फक्त खांद्यात सुई टोचून भागत नाही. सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटसबरोबर डेल्टॉइड (खांद्याचा गोलाकार स्नायू), बायसेप्स (दंडाचा स्नायू) आणि मानेजवळचे पाठीचे स्नायूही बघायचे असतात. पहिल्या दोघांतच दोष असेल तर सुप्रास्कॅप्युलर नस. डेल्टॉइड आणि बायसेप्सही आले तर संशय वर सरकतो, मानेतल्या सी५-सी६ मुळांकडे किंवा तिथून निघणाऱ्या जाळ्याकडे. मानेची नस दबली असेल तर पुष्कळांना हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, फाटलेल्या कंडरेचा माणूस हात डोक्यावर नेतानाच कळवळतो. पक्की चाचणी नव्हे, पण ओपीडीत उपयोगी पडते.

आणखी एक. दुखापतीनंतर ईएमजीत बदल दिसायला दोन-तीन आठवडे जातात. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेली ईएमजी नॉर्मल आली म्हणून नस नॉर्मल असं समजू नये. ताईंच्या आईच्या बाबतीत हा प्रश्न नाही, बराच काळ लोटलाय.

कृष्णाकाठची
रिपोर्ट पुन्हा काढून बघितला. सुप्रा आणि इन्फ्रा दोन्हींत दोष, डेल्टॉइड, बायसेप्स आणि मानेजवळचे स्नायू नॉर्मल. शेवटी 'अर्धवट, काही तंतू चालू' अशा अर्थाचं वाक्य आहे.

सुईदोरा
म्हणजे बिघाड वरच्या खाचेपाशी, कारण खालच्या खाचेत असता तर सुप्रास्पायनेटस वाचला असता. अर्धवट आहे हे चांगलं.

नेटजवळचा
डॉक्टरांनी खालच्या खाचेचा उल्लेख केला म्हणून माझा किस्सा. कोल्हापुरात कॉलेजकडून आणि नंतर जिल्ह्याकडून व्हॉलीबॉल खेळायचो, स्मॅशर. मला काही दुखत नव्हतं. शर्टाचं माप घेताना शिंपी म्हणाला, "सायेब, हिकडं मागं खड्डा हाय की तुमच्या." घरी आरशात बघितलं तर उजवा खवाटा खरंच खपाटीला गेलेला, फक्त कण्याच्या खाली. तपासणीत निघालं की सांध्याच्या वाटीची कड, लॅब्रम, फाटलीये, तिथून पाझरलेल्या पाण्याची गाठ झालीये आणि ती नसेवर बसलीये. दुर्बिणीतून गाठ फोडली, कड शिवली. ताकद बरीचशी परत आली, खड्डा पूर्ण भरला नाही. आता सर्व्हिस खालून करतो, पोरं हसतात.

हाडाचा_वैद्य
व्हॉलीबॉलवाल्यांत हे जगभर दिसतं, गाठ नसतानाही, नुसत्या हाताच्या वारंवार फेकीने नस त्या वळणावर ताणली जाऊन. दुखत नाही, कारण खालच्या खाचेपर्यंत येताना नसेने सांध्याच्या बहुतेक संवेदना वर घेतलेल्या असतात, पुढे मुख्यतः स्नायू चालवणारे तंतू उरतात. म्हणून ते शिंप्याला आधी कळतं!

स्पीडब्रेकर
माझी नस वेगळी होती. चाळिशी ओलांडली होती, दुचाकी खड्ड्यात आपटली, खांदा निखळला. बसवल्यावर दंडाच्या बाहेरच्या बाजूला, पोलिसांच्या बाहीवर बिल्ला असतो ना, तेवढी जागा बधिर. हात उचलता येईना. कॅज्युअल्टीत सांगितलं की नस दुखावलीये, येईल हळूहळू, स्लिंग घालून घरी जा. दीड-दोन महिने तसाच बसलो. मग दुसऱ्यांनी सोनोग्राफी केली तर कफपण फाटलेला. तो शिवला. डेल्टॉइड नंतर हळूहळू आपला आपण आला.

हाडाचा_वैद्य
तुमची ती ॲक्सिलरी नस. काखेच्या मागच्या फटीतून निघून दंडाच्या हाडाला वळसा घालते, डेल्टॉइड आणि टेरेस मायनर चालवते, आणि खांदा पुढे निखळला की सगळ्यात जास्त हीच ताणली जाते. खांदा निखळणं, कफ फाटणं आणि नस दुखावणं हे तिन्ही एकत्र येतात तेव्हा आमच्याकडे त्याला 'टेरिबल ट्रायड' म्हणतात.

तुमच्यासारखं सर्रास होतं म्हणून ठळकपणे लिहितो. चाळिशीपुढचा माणूस, पहिल्यांदा खांदा निखळलाय, बसवल्यावर हात उचलत नाही: दोष नसेचा धरून घरी पाठवायचं नाही, कफ बघायचाच. अशा ताणलेल्या नसा बहुतेक वेळा वाट बघितल्यावर परततात. फाटून सुटलेली कंडरा परत येऊन हाडाला चिकटत नाही. ती आणखी सरकते, स्नायू आणखी सुकतो.

ताईंच्या 'थांबलं तर चालेल का'चं उत्तरही इथेच आहे. नुसती नस बिघडली असती तर न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात तसं थांबणं योग्यच होतं. इथे सोबत मागे सरकलेली फाट आहे आणि तीच नसेला ओढत असण्याची शक्यता आहे. म्हणजे थांबण्याने नसेचं कारणही तसंच राहतं आणि कंडरेची वेळही जाते.

सुईदोरा
बरंचसं मान्य, पण थोडं मीठ टाकतो. ओढामुळेच नस गेली हे या रुग्णात सिद्ध झालेलं नाही. पडताना मान आणि खांदा विरुद्ध दिशेला ताणले गेले असतील तर नस थेटही दुखावू शकते. शिवाय सर्जन सुटलेली कंडरा परत बाहेर ओढून हाडाला लावतात तेव्हा उलट दिशेने ताण पडतो. १९९२ च्या प्रेतशरीरांवरच्या अभ्यासात साधारण ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त बाहेर ओढलं तर नसेच्या फांद्या ताणतात असं दिसलं होतं. तेव्हा 'शिवलं की नस आपोआप सुधारेल' हे वाक्य मी इतक्या सहज बोलणार नाही.

हाडाचा_वैद्य
रास्त. कंडरा मूळ जागेवर येत नसेल तर ओढून ताणून न आणता जमेल तेवढीच, थोडी आतल्या बाजूला लावणं हाच शहाणपणा. पण शिवल्यानंतर ईएमजी सुधारलेले रुग्ण नोंदवलेले आहेत, खाचेला हात न लावता. माझ्याही पाहण्यात आहेत.

चष्मेबद्दूर
मग जाताजाता तो खाचेवरचा अस्थिबंध कापूनच का टाकत नाहीत? नाडीचं भोकच मोठं करायचं की!

हाडाचा_वैद्य
करतात. पूर्वी उघडून करायचे. लॉरां लाफॉस या फ्रेंच सर्जनांनी २००७ मध्ये दुर्बिणीतून करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि मधल्या काळात बरेच जण मोठी फाट दिसली की सोबत हेही उरकू लागले. माझं मत: नेहमीचा भाग म्हणून करू नये. शिवण्याबरोबर अस्थिबंध कापलेले आणि न कापलेले रुग्ण ताडून बघितले तर ठळक फरक दिसत नाही. अगदी जवळ रोहिणी आहे, नस तर आहेच. मात्र ईएमजीत दोष पक्का आहे, दुखणं खवाट्याच्या मागे खोल आहे आणि फाटीच्या मानाने अति आहे, किंवा कंडरा शिवण्यापलीकडे गेलीये पण वेदना कमी करायची आहे, अशा निवडक ठिकाणी विचार होतो. ताईंच्या आईचा रिपोर्ट अर्धवट आहे. त्यांच्या सर्जनना हा प्रश्न जरूर विचारा, 'नाही' म्हणाले तर ते चुकताहेत असं मात्र समजू नका.

लेस्टरवासी
उलट बाजूने एक अनुभव, इंग्लंडमधून. नवऱ्याला तापातून उठल्यावर आठवडाभरात मध्यरात्री खांद्यात अशी कळ आली की रात्रभर फेऱ्या मारत होता. काही आठवड्यांनी दुखणं ओसरलं, पण हात लुळा आणि खवाटा पंखासारखा बाहेर आलेला. एमआरआयत कंडरेत छोटी फाट दिसली, शस्त्रक्रियेपर्यंत बोलणं गेलं. एका म्हाताऱ्या न्यूरॉलॉजिस्टने नुसती हकीकत ऐकून थांबवलं. पार्सनेज-टर्नर सिंड्रोम, म्हणजे खांद्याच्या नसांचा दाह. टाका घालावा न लागता दोनेक वर्षांत हात जवळजवळ पूर्ववत झाला.

सुईदोरा
पार्सनेज आणि टर्नर यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेलं हेच. आधी भयंकर वेदना, ती ओसरताना लुळेपणा. सुप्रास्कॅप्युलर नसेला त्याचं भारी आवडतं गिऱ्हाईक म्हणावं लागेल. साठीनंतर न दुखणाऱ्या फाटी कितीतरी जणांत असतात, एमआरआय केला की सापडतात आणि सगळा दोष त्यांच्या माथी जातो. हकीकत नीट विचारणं स्वस्तही आहे आणि हल्ली दुर्मिळही.

बांधावरचा
बरंच कळलं. पण ताई, खर्चाचं बघा. आमच्या पाव्हण्याला आधी एक आकडा सांगितला, बिलात स्क्रू वेगळे लावले.

हाडाचा_वैद्य
अँकर म्हणतात त्यांना. मोठ्या फाटीत एकापेक्षा जास्त लागतात. पॅकेजमध्ये किती धरलेत आणि जास्त लागले तर काय, हे आधी लेखी घ्या. विमा असेल तर तेच विमावाल्यांनाही विचारा.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. चरबीची प्रत २, म्हणजे शिवण्यासारखं आहे. मी न्यूरॉलॉजिस्टना विचारलं, फाट एवढी मागे सरकलेली असताना थांबून कंडरेचं नुकसान नाही का होणार? त्यांनी सर्जनना तिथूनच फोन लावला. पाच मिनिटांत दोघांचं ठरलं: शिवायचं, खाचेला हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी परत ईएमजी. इतके दिवस दोन चिठ्ठ्या घेऊन मीच निरोप्या झाले होते.

आता भूल. मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर करणार आहेत. आईला तेच ऐकून धडकी भरलीये. आधीच नस दुखावलेली, त्यात सुई!

झोपाळू
भूलतज्ज्ञ हजर. मानेतला तो ब्लॉक सोनोग्राफीत बघत देतात, नस दिसत असते. तरी ईएमजीत दोष आलाय हे भूलतज्ज्ञांना आधी सांगा, रिपोर्ट हातात द्या. त्यावरून कोणता ब्लॉक द्यायचा ते ठरवतील. श्वासाचा आजार असेल तर तोही सांगा, कारण या ब्लॉकने त्या बाजूचा श्वासपटल काही तास संथ होतो. अशांना मानेऐवजी सुप्रास्कॅप्युलर आणि ॲक्सिलरी या दोन नसांनाच वेगवेगळं इंजेक्शन देतात.

शस्त्रक्रियेनंतर अख्खा हात ओंडक्यासारखा लागेल, डोळ्याची पापणी किंचित खाली येईल, आवाज बसेल. घाबरू नका, ब्लॉक उतरला की जातं. साधारण १२ ते १८ तास. उतरायच्या आधीच वेदनेची गोळी घ्यायची, दुखायला लागल्यावर नाही. बधिर हात गरम कपाला किंवा शेकाच्या पिशवीला लागू देऊ नका, भाजलेलं कळत नाही. दुसऱ्या दिवशीही बोटं हलत नसतील तर लगेच फोन करा.

शेकशेगडी
आणि झोपताना सपाट नको, पाठीला उशा लावून अर्धवट बसतं, कोपराखाली छोटी उशी. पहिले चार-सहा आठवडे स्लिंग, तेवढ्यात बोटं, मनगट आणि कोपर मात्र रोज हलवायचं. स्वतःहून हात वर उचलायचा नाही, भावजींनी डबा मागितला तरी. नस सुधारत असली तर इन्फ्रास्पायनेटस सगळ्यात उशिरा जागा होतो, कारण नसेचे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटरच वाढतात आणि त्याची फांदी लांबची. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात पंजा पोटाकडे परत येत असेल तर शिवण उसवली असं लगेच धरू नका. सोनोग्राफीत ते बघता येतं.

कृष्णाकाठची
बाबांना वाचून दाखवलं. डबा ते स्वतः काढतील म्हणालेत. पुढच्या गुरुवारी दाखल करतोय.